ताईला दाखवलेलं पुणं

पुण्यात पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, ह्याचा कागद माझ्याकडे तयार असतो. फ्रीजला चुंबकाने लावलेला. तीस वर्षांत तो चारदा नव्याने लिहिला, पण मूळ आराखडा तोच आहे. पहिला दिवस पेठांचा, दुसरा खरेदीचा, आणि पाहुणा तिसऱ्या दिवशीही टिकला तर सिंहगड. सकाळी आठला घर सोडायचं. मिसळ साडेनऊच्या आत खायची, नंतर रांग लागते आणि रश्श्यात पाणी वाढतं. मंडईत दहाच्या सुमारास जायचं, तेव्हा भाजी ताजी असते आणि विक्रेते अजून वैतागलेले नसतात. लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी साडेबारापर्यंत आटोपायची, कारण एक वाजता दुकानदार शटर अर्धं ओढतो आणि गिऱ्हाइकाकडे असं बघतो की चूक आपलीच वाटावी. एक ते चार घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं. संध्याकाळी गुडघे बरे असतील तर पर्वती, नसतील तर सारसबाग. शेवटी मस्तानी. ती प्रत्येकाने वेगळी घ्यायची. दोघांत एक मागवली की दुसरा चमचा यायला पंधरा मिनिटं लागतात.

नवरा ह्या कागदाला परिपत्रक म्हणतो. मी सरकारी कचेरीत काम करते, त्यामुळे त्याचा हा विनोद त्याला फार आवडतो.

कागदाच्या दोन आवृत्त्या आहेत. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या कुणाचे पाहुणे गळ्यात पडले की सुरुवात शनिवारवाड्यापासून. नागपूरहून आमची माणसं आली की आधी गंज पेठ. आम्ही बौद्ध. आमच्या लोकांना पुण्यात पहिल्यांदा बघायची असते ती गंज पेठेतल्या त्या घरामागची विहीर. दीडशे वर्षांपूर्वी घराच्या मालकाने ती आमच्या लोकांना पाणी भरायला खुली करून दिली होती. विहीर बघून झाली की मग मिसळ आणि बाकीचं सगळं.

आजवर ह्या कागदावर किती पाहुणे फिरवले ते मोजलेलं नाही. तक्रार कुणाची आली नाही. आठ वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण चार दिवसांसाठी आली, आणि कागद पहिल्यांदा फसला.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मध्ये दोन भाऊ. बाबा गिरणीत, आई घरी विड्या वळायची, त्यामुळे मला वाढवलं ते ताईने. माझ्या वेण्या तिने घातल्या, पाढे तिने पाठ करून घेतले, स्पर्धा परीक्षेच्या अर्जावर माझा फोटोही तिनेच चिकटवला, तिरका. चोविसाव्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा ती स्टेशनवर सोडायला आली होती. गाडी हलली तशी खिडकीशी चालत चालत म्हणाली, "चटणीचा डबा उभा ठेव, तेल गळते." तेवढंच. पुढच्या तेवीस वर्षांत ती पुण्याला तीनदा आली, तिन्ही वेळा कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला. लग्नाच्या हॉलमधून शहर दिसत नाही.

भाऊजी गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिचा एकुलता एक मुलगा इथे एका आयटी कंपनीत, सूनही तशीच कुठेतरी, आणि दोघांनी धायरीला फ्लॅट घेतलेला. नागपूरचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि अंगणात एक कडुनिंब. त्या घराला गिऱ्हाईक लागलं होतं. गिऱ्हाइकाला महिनाअखेरीस उत्तर हवं होतं. भाचा म्हणत होता, वीक आणि कायमची इकडे ये. ताई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. शेवटी म्हणाली, "चार दिवस येऊन पाहते, मग सांगते."

ती यायच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला.

"मावशी, आईला पुणं फुल दाखव. एकदा तिला व्हाइब आली ना, की ती नाही म्हणणारच नाही."

"व्हाइब किती वाजता येते ते सांग, तसं कागदात घालते."

"जोक नको ना करू, मावशी. तिकडे ती एकटी असते, मला टेन्शन येतं."

टेन्शन मलाही होतं. मला ताई इथे हवी होती. हे मी भाच्याला बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. आई-बाबा गेल्यावर नागपूरला जाणं म्हणजे ताईकडे जाणं एवढंच उरलं होतं, तेही वर्षातून एकदा, आंबे किंवा संत्री बघून. मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, घरी काही गंभीर आहे का. भाचा-सून दोघंही सकाळी नऊला बाहेर पडणार, म्हणून मुक्काम माझ्याकडे, कर्वेनगरला, असं ठरलं.

पहिल्या दिवशी सगळं वेळेवर झालं. गंज पेठेत साडेआठला पोचलो. ताई विहिरीपाशी बराच वेळ उभी राहिली. वरच्या जाळीतून वाकून आत बघितलं आणि तिथल्या झाडणाऱ्या बाईंना विचारलं, "पाणी आहे का अजून?" त्या म्हणाल्या, "आहे की." ताईने मान हलवली. तिचं समाधान झालं असावं. मिसळीच्या हॉटेलात तिने पहिला घास घेतला आणि वेटरकडे बघून मला विचारलं, "यांच्याकडे तिखट संपलं काय वं?" तर्री-पोह्यांवर वाढलेल्या बाईकडून ह्यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती. तिला वेगळा कट मागवून दिला. तो तिने ताकासारखा प्यायला.

मंडईत तिला खरी मजा आली, असं मला वाटलं. त्या जुन्या दगडी इमारतीच्या आत, उंच ओट्यांवर बसलेल्या भाजीवाल्यांना ती मान वर करून भाव विचारत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिने एका म्हाताऱ्या भाजीवाल्याला विचारलं, "सांबार कसा दिला?"

"सांबार हॉटेलात मिळतो, आजी. इथं भाजी."

ताईने कोथिंबिरीच्या जुडीवर बोट ठेवलं. "हे काय आहे मग?"

"ही कोथिंबीर."

"तुमच्या घरी कोथिंबीर म्हणत असन. वास तर सांबाराचा आहे."

भाजीवाला हसला नाही, पण त्याने जुडी हातात दिली ती मोठी होती. पुण्यात हे पुष्कळ झालं, असं मी तिला सांगितलं.

दुपारी झोप, संध्याकाळी सारसबाग, मग मस्तानी. प्रत्येक ठिकाणी मी विचारायची, कसं आहे? आणि ताई म्हणायची, "चांगलं आहे." रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हे 'चांगलं आहे' खटकायला लागलं. माझ्यासाठी स्थळं बघायचे दिवस होते तेव्हा मुलगा पसंत नसला की ताई 'चांगला आहे' म्हणायची आणि चपला शोधायला लागायची.

तरी मी दुसऱ्या दिवशी कागदाप्रमाणेच निघाले. कॅम्पातल्या बेकरीतली बिस्किटं, मग लक्ष्मी रस्ता. वाटेत तिला एका दुकानात थांबवलं आणि साडी बघायला लावली. तिला पौर्णिमेच्या वंदनेला पांढरी साडी लागते आणि तिची जुनी पिवळी पडली होती, हे ती आल्याआल्या मी पाहून ठेवलं होतं. निळ्या काठाची पांढरी सुती साडी निघाली, पोत उत्तम. घड्याळात साडेबारा वाजत आले होते. दुकानदार म्हणाला, "पसंत असेल तर सांगा, नसेल तर चारनंतर या." मी घेऊन टाकली. घरी आलो, जेवलो, झोपलो, आणि चार वाजता चहाबरोबर ती पिशवी ताईच्या हातात दिली. एक काम उरकलं. पुढचे दोन दिवस साडीसाठी वेळ काढायला नको.

ताईने साडी मांडीवर घेतली. काठावरून हात फिरवला. "चांगली आहे," म्हणाली.

मग ती उठून आतल्या खोलीत गेली. मी संध्याकाळच्या भाजीची तयारी करत होते. अर्ध्या तासाने भाच्याचा फोन आला.

"मावशी, काय झालं? आई म्हणते उद्याचं तिकीट काढून दे. दुपारच्या गाडीने जाते म्हणते."

मी आत जाऊन बघितलं. ताईची बॅग पलंगावर उघडी होती. परकर, टॉवेल, औषधांची डबी, सगळं भरून झालं होतं. पांढरी साडी सर्वांत वर घडी करून ठेवली होती. ते बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले होते.

आमच्या घरात पाहुण्या बाईला साडी देतात ती निघायच्या दिवशी, सकाळी अंघोळ झाल्यावर. त्याला बोळवण म्हणतात. साडी हातात पडली की पाहुणीने बॅग भरायची, हे कुणी सांगायचं नसतं. माझ्या लहानपणी बाबांची आत्या एकदा पावसाच्या तोंडी आमच्याकडे आली आणि थंडी पडेपर्यंत राहिली. दोन खोल्या, आम्ही सहा माणसं, वर ती. तिला दमा होता आणि मतं होती. आईने एका शब्दाने तिला कधी दुखवलं नाही. एके दिवशी ताईला बाजारात पाठवून हिरवं लुगडं आणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या ओटीत घातलं. आत्याने कापड चिमटीत धरून पाहिलं, दोराही ओढून पाहिला, आणि बारा वाजताच्या एसटीने भंडाऱ्याला गेली. ना कुणी जा म्हटलं, ना तिने जाते म्हटलं. ते लुगडं आणणारी ताईच होती.

आणि मी ताईला साडी दिली होती चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी, चहाबरोबर. दुकान एकला बंद होतं म्हणून.

ताई स्वयंपाकघरात येऊन माझ्या समोर बसली आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढून निवडायला लागली. रुसून बसायचा तिचा स्वभाव नाही. जायचं तर जायचं, पण मेथी तशी टाकून कसं जायचं.

"ताई, ती साडी बोळवणीची नाहीये."

"असू दे ना. मी काय म्हटलं काही?"

"दुकान बंद व्हायच्या आत घेतली. हातात होती म्हणून दिली. तेवढंच."

"हाव. तुझ्या कागदात बसली असन."

"बसली होती."

ताई काही वेळ पानं खुडत राहिली. "तुले सांगू का? साडीचं मले वाईट नाई वाटलं. दोन दिवस झाले तू मले पाहुणीसारखी फिरवून राहिली. हे खा, ते पाहा, चला, वेळ झाली. मले वाटलं, हिच्या मनात मी चार दिवसांचीच आहे. मग साडी आली, तर म्हटलं बरोबर आहे."

"पुणं आवडावं म्हणून फिरवत होते."

"पुणं आवडून मी काय करू? सारसबागेत राहायचं आहे काय मले?" ती शांतपणे बोलत होती. "मले एकच पाहायचं होतं. पोरगा-सून कामाले गेले, दार लागलं, अकरा वाजले, तर त्या धायरीत मी काय करन? कोणाशी बोलन? ते कोणीच दाखवून नाई राहिलं. तुझा भाचा मले फोनवर बाल्कनी दाखवते. बाल्कनीतून दुसऱ्याची बाल्कनी दिसते." मग तिने विचारलं, "तू आली तेव्हा तू काय केलं वं? इथं तुझं कोण होतं?"

हे तेवीस वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. पत्रातून मी कळवायची ते असं: तब्येत ठीक, काम ठीक, खोली हवेशीर. खोलीचं खरं म्हणजे ती चौथी होती. आधीच्या तिन्ही ठिकाणी घरमालकिणीने फार अदबीने विचारलं होतं, "आपण मूळच्या कुठल्या? आडनाव काय म्हणालात?" आणि मी आडनाव सांगितल्यावर खोली कालच गेलेली असायची. चौथ्या ठिकाणी मालकीण विधवा होती आणि तिला ऐकू कमी यायचं. तिथे मी तीन वर्षं राहिले आणि आमचं छान जमलं.

इतर वारी ऑफिस असायचं, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न रविवारचा होता. खोलीत बसलं की भिंती दिसायच्या. म्हणून मी सकाळी आठला बाहेर पडायची. आधी मिसळ, कारण ती खाऊन दुपारपर्यंत भूक लागत नसे. मग मंडई. घ्यायचं काही नसायचं, माझ्याकडे स्टोव्हसुद्धा नव्हता. पण तिथे माणसं मोठ्याने बोलायची आणि तुमच्याशीही बोलायची, मग ते टाकून का असेना. मग लक्ष्मी रस्त्यावरच्या काचेतल्या साड्या, शटर पडेपर्यंत. मग दुपारचे ते तीन तास, सगळं शहर दार लावून झोपलेलं, तेव्हा मी नदीकाठच्या एका देवळाच्या पायरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची. देवळात जायचं नव्हतं, पायरीला सावली होती. चार वाजले की पर्वती. वर चढून गेलं की उतरेपर्यंत अंधार व्हायचा, आणि मग खोलीवर जाऊन झोपायचं एवढंच उरायचं. पहिलं सबंध वर्ष असं काढलं.

हे सगळं मी ताईला मेथी निवडता निवडता सांगितलं. सांगताना माझ्या ध्यानात आलं की मी फ्रीजवर लावलेला कागद तोच आहे. एकटीने वेळ घालवायला शोधलेला रस्ता मी पुढे पाहुण्यांना पुणं म्हणून दाखवत राहिले. त्या दिवसांची मला आठवण येते, हे कबूल करायला हरकत नाही. पाय दुखायचे, पण डोकं साफ असायचं. मंडईच्या कोपऱ्यावर एक उसाचा रसवाला होता, तो मला न विचारता बिनबर्फाचा ग्लास द्यायचा. वर्षभरात आम्ही त्याहून जास्त बोललो नाही. तो ज्या दिवशी दिसेनासा झाला, त्या दिवशी मी दोन तास कुणाशी तरी भांडावं म्हणून कारण शोधत होते.

"हे तेव्हा काऊन नाई कळवलं?" ताईने विचारलं.

"काय कळवणार? पत्र तू बाबांना वाचून दाखवायचीस."

"मी गाळून वाचलं असतं."

"तू गाळलं असतंस, पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस."

ताई उठली. मेथी धुवायला घेऊन गेली, आणि येताना भाच्याला फोन लावून म्हणाली, तिकीट नको काढू.

तिसऱ्या दिवशी आम्ही सिंहगडाला गेलो नाही. भाच्याकडून किल्ली घेतली आणि बरोबर अकराच्या ठोक्याला धायरीच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसलो. ताई म्हणाली, "दहा मिनिटं बोलू नको."  फ्रीज गुरगुरत होता. बाहेर लिफ्ट मजल्याचा आकडा इंग्रजीत सांगत होती, बाईच्या आवाजात.

"ही बाई दिवसभर बोलते काय?"

"माणूस आला-गेला की बोलते."

"म्हणजे घरात तीच एक बोलणारी." ताई उठली. "चल, खाली पाहू."

धायरी पूर्वी गाव होतं. आता मुख्य रस्त्याला उंच इमारती आहेत, पण आत वळलं की गाव अजून सापडतं. एका बोळात पिठाची गिरणी होती. गिरणीवाली बाई डोक्याला फडकं बांधून पिठाने पांढरी झालेली.

"काय दळायचंय?" तिने विचारलं.

"काही नाही. बघायला आलोय," मी म्हटलं.

"चक्कीत काय बघायचं असतंय? बघा मग." ताईने सरळ डब्यातलं ज्वारीचं पीठ चिमटीत घेऊन चोळलं. बाईला ते आवडलं. "कुठनं आलाय, आजी?"

"नागपूरवरून. इथं विहार आहे काय कुठं?"

"हाय की. ओढ्याच्या पल्याड, पत्र्याचं. किल्ली शेजारच्या बाईकडं असती."

पत्र्याच्या खोलीचं कुलूप उघडायला जी बाई आली ती वाशीमची निघाली. नवरा बांधकामावर, ती दोन घरी स्वयंपाक करते. आत मूर्ती, उदबत्त्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सतरंज्या. ताई आणि ती बाई खाली बसल्या आणि मी दारात उभी राहिले. पौर्णिमेला किती बाया येतात, फुलं कोण आणतं, पाणी कुठून भरता, सगळं ताईने विचारून घेतलं. मग कोपऱ्यातल्या पाट्यांच्या गठ्ठ्याकडे बघून तिने विचारलं, "ह्या कोणाच्या?"

"पोरांच्या. रविवारी वर्ग घ्यायचे एक सर. त्यांची बदली झाली. आता पोरं येतात, खेळतात, जातात."

ताई सत्तावीस वर्षं बालवाडी शिकवत होती. तिने गठ्ठा पुढ्यात घेतला, पदराने एक पाटी पुसली, परत ठेवली.  मी दोनदा घड्याळ बघितलं आणि तिसऱ्यांदा बघायचं टाळलं.

परत येताना ती म्हणाली, "आज मी पोराकडे झोपते. उद्या दहाला तू मंडईत उभी राहा. मी एकटी येते, बसने."

"मी घ्यायला येते की."

"मग मी एकटी कशी येईन?"

चौथ्या दिवशी मी पावणेदहालाच मंडईच्या दाराशी उभी होते. तेव्हा मंडईखालून मेट्रो जात नव्हती. धायरीहून बसने स्वारगेटला यायचं आणि पुढे चालायचं किंवा दुसरी बस धरायची. दहा वाजले. साडेदहा झाले. ताईचा फोन लागत होता, ती उचलत नव्हती. पावणेअकराला मी नको असलेली दोन किलो रताळी घेतली. अकरा वाजता मी भाच्याला लावायला फोन काढला आणि परत ठेवला. तो ऑफिस सोडून गाडी काढून निघाला असता आणि मग ताईला पुण्यात पुन्हा कधी एकटीने बाहेर पडता आलं नसतं. मी स्वारगेटच्या रस्त्याकडे बघत राहिले. सव्वाअकराला ताई माझ्या पाठीमागून, तुळशीबागेच्या बाजूने आली. चेहरा घामाने ओला, हातात पेरू.

"तिकडून कुठून आलीस?"

"चुकली. पहिल्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, उलट्या दिशेची आहे, उतरा. उतरली. दुसरी धरली. स्वारगेटवर एका माणसाले विचारलं मंडई कुठं, तर म्हणते, पाटी वाचता येत नाही का? म्हटलं येते, पण पाटी कुठं आहे ते सांगा. तर तो बिचारा अर्ध्या रस्त्यापर्यंत आला सोबत."

"फोन का नाही उचललास?"

"बसमध्ये एका हाताने धरायचं असते. दुसऱ्या हातात पेरू होते."

आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसलो. चहा आला. ताईने अर्धा बशीत ओतला आणि भाच्याला फोन लावला. मला वाटलं, पोचल्याचं कळवते आहे.

"ऐक," ती म्हणाली. "घर विकत नाई. एक खोली कुलपात ठेवते, एक भाड्याने देते. वर्षभर तुझ्याकडे राहून पाहते. नाई जमलं तर परत." पलीकडून तो बोलत होता ते मला ऐकू येत होतं, "पण आई, त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" ताई म्हणाली, "त्याले सांग, बाई मेल्यावर ये. आणि मी राहीन तर रविवारी सकाळी मले कोणी मॉलमध्ये नेऊ नका. मले काम आहे."

तिने फोन ठेवला आणि चहा संपवला. मी रताळ्यांच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. वर्षभर, म्हणाली होती. मला त्याहून जास्त हवं होतं, पण मागितलं असतं तर तिने वर्षातलेही महिने कमी केले असते. तिला मी ओळखते.

"ज्येष्ठ नागरिकांचा पास कुठं काढतात?" तिने विचारलं.

"आजच? तू संध्याकाळी जाणार आहेस."

"संध्याकाळी जाणार आहे ना, आता तर इथं आहे."

स्वारगेटला पासाच्या खिडकीपुढे सात माणसं होती. आम्ही आठव्या. खिडकीतल्या माणसाने ताईचं ओळखपत्र घेतलं, मागून-पुढून बघितलं आणि परत सरकवलं.

"आजी, पत्ता नागपूरचा आहे."

"हाव. बदलून राहिली."

"बदलला की या."

"काय काय कागद लागतात ते सांगा."

त्याने भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं. ताईने चष्मा काढला, पुसला, लावला आणि यादी वरून खालपर्यंत वाचली. मागच्या माणसाने घसा खाकरला. ती हलली नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिने खिडकीत वाकून विचारलं, "वीजबिल पोराच्या नावाचं आहे. चालते काय?"

"पोराचं पत्र आणा सोबत."

"आणते," ताई म्हणाली, आणि रांगेतून बाहेर आली.